शेवटचं पान तपासा, पण वाचू नका
वाचक विचारतात : रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा

प्रश्न : 'तुंबाड' सिनेमा पुन्हा लागला तेव्हा पाहिला. आता तसलंच काही वाचायचंय. मित्राने 'तुंबाडचे खोत' आणून दिलं. शंभर पानं झाली, भूत काही येत नाही. कधी येतं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : येत नाही, भाऊ. दुसऱ्या खंडातही येणार नाही. ती श्री. ना. पेंडशांची कोकणातल्या एका घराण्याची कादंबरी आहे. सिनेमाने तिथून घेतलं ते नाव. पुस्तक चांगलं आहे, परत करू नका, पण सध्या बाजूला ठेवा.

तुम्हाला हवेत ते नारायण धारप (१९२५–२००८). त्यांच्या 'आजी' या कथेतून त्या सिनेमाला बीज मिळालं आणि 'आजी'चं मूळ स्टीफन किंग या अमेरिकन भयकथालेखकाच्या एका कथेत आहे. धारपांची 'लुचाई' किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, 'शपथ' त्याच्याच 'इट'वर. एवढं कळलं की काहीजण नाक मुरडतात. मुरडू देत. उसनं आणलेलं भूत मराठी घरात बसवणं सोपं नसतं. धारपांची भाषा हिशेबाची वही लिहिणाऱ्याची आहे : साधी, कोरडी, विशेषणं मोजून. माणूस नोकरदार, घर चारचौघांसारखं. त्यामुळे काहीतरी बिनसतं तेव्हा ते आपल्याच स्वयंपाकघरात बिनसल्यासारखं वाटतं.

सुरुवात कथासंग्रहाने करा, मग 'लुचाई', आणि आवडलं तरच जाडजूड 'शपथ'. 'समर्थ' मालिकेची चव वेगळी आहे. तिथे समर्थ हा नायक येऊन संकटातून सोडवणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे भीती कमी आणि 'कसं सोडवतील' ही उत्सुकता जास्त. भीतीसाठी 'समर्थ' घेतलं की हमखास निराशा होते.

भूतच नको, माणसाच्या मनातलं वाकडं हवं असेल तर रत्नाकर मतकरी : 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम'. आजचं हवं असेल तर हृषीकेश गुप्ते. आधी 'अंधारवारी'तल्या कथा, 'दंशकाळ' नंतर. ती कादंबरी सावकाश चढते.

एक चूक बहुतेक सगळे करतात : भयकथांचा संग्रह एका बैठकीत संपवतात. तिसऱ्या-चौथ्या कथेपर्यंत लेखकाची खोड लक्षात येते आणि पुढे भीती उरत नाही. रात्री एकच कथा वाचा. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकता ना? त्याआधीची वीस मिनिटं पुरतात.

प्रश्न : आमच्या नानांना बाबुराव अर्नाळकर हवेत. घरात सगळे विचारतात, इतक्यांतलं नेमकं कोणतं आणायचं? वाचनालयाच्या यादीत तर नुसती नावंच नावं.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई किंवा दादा, जे कोणी असाल ते, पुस्तकाचं नाव विचारू नका, नायक विचारा. अर्नाळकरांच्या रहस्यकादंबऱ्या हजाराहून अधिक आहेत. नानांनाही नाव आठवणार नाही, पण झुंजार की काळा पहाड की धनंजय, याचं उत्तर ते झोपेतूनही देतील. पुरावे जुळवत गुन्हेगार शोधणारा हवा असेल तर धनंजय आणि त्याचा छोटू. वेग, वेषांतर, धाडस हवं असेल तर बाकीचे दोघे.

वाचनालयात रजिस्टर लेखकाच्या आडनावाने लावलेलं असेल तर 'अ' उघडा. तिथे नसतील तर 'बाबुराव' म्हणून 'ब'मध्ये बघा. जुन्या नोंदी अशा बऱ्याच असतात. एकावेळी दोनच आणा. हे लेखन महिन्याला एक-दोन वाचणाऱ्यासाठी होतं, ओळीने दहा वाचली की सगळी एकसारखी वाटू लागतात. दोष लेखकाचा नाही, आपल्या अधाशीपणाचा.

नानांनी शेरलॉक होम्स वाचला नसेल तर भालबा केळकरांचे अनुवाद बघा. होम्सच्या ५६ लघुकथा आणि चार कादंबऱ्या आहेत. आधी कथाच.

प्रश्न : रद्दीच्या दुकानातून आणि आठवडे बाजारातून जुन्या रहस्यकादंबऱ्या घेतो. दर तिसऱ्या पुस्तकात पानं कमी निघतात. घेताना काय तपासावं?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : पहिलं शेवटचं पान. रहस्यकथेत तेच सगळ्यात आधी फाटतं, कारण ते मलपृष्ठाला चिकटलेलं असतं आणि मलपृष्ठ निघताना त्याला घेऊन जातं. पुस्तक उलटं धरा, शेवटच्या पानाचा मजकूर अंगठ्याने झाका, फक्त 'समाप्त' आहे का ते पाहा. खुनी कोण ते तिथेच कळलं तर घेण्यात अर्थ नाही.

मग फर्मे मोजा. फर्मा म्हणजे एकत्र घडी घालून बांधलेला पानांचा गठ्ठा. ही पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेली असतात, म्हणजे १२८ पानांचं पुस्तक आठ फर्म्यांचं. नवा फर्मा १७, ३३, ४९, ६५ या पानांवर सुरू होतो. काही पुस्तकांत त्या पानाच्या तळाला बारीक आकडाही असतो. तुम्हाला प्रत्येक पान उलटायची गरज नाही, एवढे सांधे बघा. ३२ नंतर एकदम ४९ आलं तर एक फर्मा गळाला. १७ ते ३२ दोनदा आलं तर एक फर्मा दुबार बांधला गेलाय, आणि तेव्हा दुसरा एखादा बहुतेक हरवलेला असतो. बाइंडरची चूक दुरुस्त होत नाही. पुस्तक ठेवून द्या.

तिसरं, नाव बदलून पुन्हा छापलेलं. मुखपृष्ठ नवं, कादंबरी तीच. आतल्या पानावर 'प्रथमावृत्ती' आणि साल बघा, पहिला परिच्छेद वाचा.

घरी आणल्यावर : हा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा असतो. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला गेला की कण्यावरचा डिंक वाळून कडक होतो. अशा वेळी पुस्तक सपाट उघडू नका, पानं सुट्टी होतात. चिकटपट्टी तर अजिबात नको. दोन-तीन वर्षांत ती तपकिरी होते, डिंक मागे ठेवून गळते आणि अक्षरं घेऊन जाते. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी पुरते. पण खळ पूर्ण वाळल्याशिवाय पुस्तक मिटू नका. ओल राहिली तर बुरशी येते आणि खळीच्या वासाने कसर येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, उधई भिंतीतूनच चढते.

प्रश्न : स्टेशनवर हिंदी पॉकेट बुकं मिळतात. सुरेंद्र मोहन पाठक वाचायला घेतले, 'पैंसठ लाख की डकैती'. मागचं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं.
– एक वाचक, पाचोरा

उत्तर : सुटलंच आहे. ती विमल या गुन्हेगार नायकाच्या मालिकेतली चौथी कादंबरी. पहिली 'मौत का खेल'. विमल क्रमानेच वाचायचा असतो, कारण त्याचे जुने गुन्हे पुढच्या पुस्तकात त्याचा पाठलाग करत येतात. क्रम जुळवण्याची कटकट नको असेल तर सुनील हा पत्रकार नायक घ्या, नाहीतर दिल्लीचा खाजगी गुप्तहेर सुधीर कोहली. ती कोणत्याही क्रमाने चालतात.

मराठीत याच्या जवळचं सुहास शिरवळकर. पण 'दुनियादारी' ही कॉलेजातल्या दिवसांची कादंबरी आवडली म्हणून त्यांच्या दारा बुलंद या नायकाच्या साहसकथा घेऊ नका. एकच लेखक, दोन वेगळी दुकानं. कोर्टातली चकमक हवी असेल तर बॅरिस्टर अमर विश्वास, डोकं चक्रावणारं हवं असेल तर 'समांतर'.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. विज्ञानकथा वाचायच्या म्हणते, पण 'धडा' नको म्हणते. घरातली आजी म्हणते, 'माले भूतबीत पटत नही', तेव्हा दोघींना चालेल असं सांगा.
– एक पालक, शहादा

उत्तर : जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५). 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आधी, मग 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला'. मुलीला आधी 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा वाचायला द्या आणि कागदाची एक लांब पट्टी जवळ ठेवा. पट्टीला अर्धा पीळ द्या (एक टोक उलटं करा), टोकं चिकटवा आणि मधोमध पेन्सिल फिरवायला सांगा. पेन्सिल न उचलता रेघ दोन्ही बाजूंना येते. कथेची कळ तिथेच आहे. आजीलाही पट्टी हातात द्या. भूत नाही, तरी डोळे विस्फारतील.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर'. ती त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. आद्याक्षरं उलटी वाचा म्हणजे नाव कुठून आलं ते कळेल. मुलीला हे कोडं आधी घाला, उत्तर सांगू नका.