वाचक विचारतात : गाडीचा विमा स्वस्तात हवा, पण क्लेमही मिळायला हवा

प्रश्न : माझी 1197 सीसीची पेट्रोल कार चार वर्षांची झाली. आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. तीन कंपन्यांकडून भाव मागवले, तर त्यांत चार हजारांपर्यंत फरक आहे. स्वस्तातली पॉलिसी घेतली तर ऐनवेळी हाल होतील का?
— एक शिक्षक, अमळनेर

उत्तर : तिन्ही कोटेशन शेजारी ठेवा आणि आधी थर्ड पार्टीची (तुमच्या गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानाच्या विम्याची) ओळ बघा. हा दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला वर्षाला 3,416 रुपये आहेत, जीएसटी वेगळा. कंपनी कोणतीही असो, रक्कम तीच. म्हणजे फरक सगळा ‘ओन डॅमेज’मध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचा विमा) आणि अॅड-ऑनमध्ये (वरून घेतलेलं जादा संरक्षण) आहे.

खरी मेख असते आयडीव्हीत, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीत. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली, तर हातात पडणारी रक्कम ही. चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा (वयामुळे किमतीत होणारी घट) धरतात. शोरूमची किंमत सात लाख असेल तर आयडीव्ही साडेतीन लाखांच्या आसपास हवी. एखाद्याने ती अडीच लाख धरून हप्ता उतरवला असेल, तर तो भाव स्वस्त नाही, अपुरा आहे. तिघांकडून एकाच आयडीव्हीवर, त्याच अॅड-ऑनसह नव्याने भाव घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी, वर्षागणिक वाढणारी सूट) 45 टक्के लागलाय ना, हेही तपासा. आणि ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ (क्लेममधली जी रक्कम तुम्ही आपणहून सोसायचं कबूल करता ती) शून्यच ठेवलंय ना? अनेकदा स्वस्ताईचं कारण तिथे सापडतं.

झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारं अॅड-ऑन, घ्याच. त्याशिवाय प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीच्या किमतीतले 50 टक्के तुमच्या खिशातून जातात. हायवेवर ट्रकमागून उडालेल्या खडीने काच फुटते, तिला मात्र घसारा लागत नाही. किरकोळ कामाला क्लेम टाकू नका. समजा बंपर 4,000 आणि मजुरी 1,500. झिरो डेप नसेल तर 2,000 घसारा आणि 1,000 सक्तीची वजावट जाऊन हातात 2,500 येतात. ओन डॅमेजचा मूळ हप्ता 6,000 असेल, तर पुढच्या वर्षी 50 टक्के बोनसचे 3,000 बुडतात आणि नंतर पुन्हा शून्यापासून चढावं लागतं.

सेवेचा अंदाज जाहिरातीवरून येत नाही, तो वर्कशॉपमध्ये येतो. गाडी जळगाव किंवा धुळ्याच्या ज्या वर्कशॉपला जाईल, त्याचं नाव कॅशलेस यादीत (जिथे बिल कंपनी थेट भरते) आहे का ते बघा. मग तिथल्या इन्शुरन्स काउंटरवर विचारा : या कंपनीचा सर्व्हेअर (नुकसानाची पाहणी करणारा) किती दिवसांत येतो? मंजुरी कधी मिळते? बिलातलं काय कापतात? रोज तेच काम करणारा माणूस दोन मिनिटांत सांगतो. टोइंग किती किलोमीटरपर्यंत मोफत, हेही लिहून घ्या. अमळनेरहून ते महत्त्वाचं आहे.

तरीही क्लेम अडला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक ठेवा. समाधान झालं नाही किंवा 30 दिवसांत उत्तर नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : जुनी गाडी घेतली, आरसी माझ्या नावावर झाली. पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, सहा महिने बाकी आहेत. चालेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करायला हवा होता. तो राहिला तर तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. आजच अर्ज द्या. कंपनी गाडी तपासायला मागेल. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तेवढ्या फरकाची रक्कम भरावी लागेल. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे चढवा.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेला खासगी गाडीतून भाडं मारलं तर विमा लागू होतो का?
— एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : खासगी पॉलिसीत भाड्याची वाहतूक बसत नाही. ते सिद्ध झालं की तुमचा क्लेम नाकारला जातो आणि जखमींची भरपाईही तुमच्यावर येऊ शकते. भाडं मारायचंच असेल तर परमिट आणि टॅक्सीची पॉलिसी काढा.