ऑम्बुड्समन: कुणाचा मुखत्यार?

प्रश्न: आमच्या बँकेच्या भिंतीवर 'बँकिंग ऑम्बुड्समन' असा फलक आहे. हा शब्द इंग्रजी वाटत नाही. मूळ कुठलं? शेवटी 'मन' आहे, मग त्या जागी बाई बसू शकत नाही का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: तुमचा कान पक्का आहे. शब्द स्वीडिश, इंग्रजीनं तो जसाच्या तसा उचलला. 'ओम्बुद' आणि 'मान', मध्ये षष्ठीचा 'स'. आपल्या राजपुरुषात षष्ठीचा प्रत्यय गळून पडतो, इथं तो समासातही टिकला आहे.

'ओम्बुद' म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम पाहणारा. आमच्या खानापुरात पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला धाकटा जमिनीच्या कामासाठी थोरल्याला मुखत्यारपत्र करून देतो. तो थोरला म्हणजे ओम्बुद. स्वीडनमध्ये टपालाची पार्सलं ज्या दुकानातून घ्यायची, त्यालाही आज ओम्बुदच म्हणतात.

माझा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला, त्यामुळं पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. या समासाचे तिन्ही तुकडे आपल्या भाऊबंदकीतले आहेत. 'ओम' हा 'अभितः'चा नातलग, 'मान' हा 'मनु'चा, आणि 'बुद' म्हणजे निरोप, हुकूम, तो 'बुध्' धातूचा. जाणणं आणि जाणवून देणं एकाच मुळातून आलं. त्या मुळाच्या आरंभी 'भ' होता आणि शेवटी 'ध'. असे दोन महाप्राण, म्हणजे 'ह'चा श्वास मिसळलेले वर्ण, एका धातूत नकोत म्हणून संस्कृतात पहिल्याचा 'ब' झाला. पण भविष्यकाळात 'ध'चा 'त' होतो आणि लपलेला 'भ' परत वर येतो: भोत्स्यते. फळ्यावर हे रूप लिहिलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, हे 'भू'चं रूप काय की?" नव्हे, 'बुध्'चंच. स्वीडिशच्या घराण्यात मात्र 'भ' सरसकट 'ब' झाला, तो फिरून आला नाही.

आता मुखत्यार कुणाचा, हे महत्त्वाचं. 1709 मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून हरलेला स्वीडनचा राजा कार्ल बारावा तुर्कांच्या मुलखात अडकला होता. घरचे अधिकारी कायद्यानं वागतात का ते पाहायला त्यानं 1713 मध्ये सर्वोच्च ओम्बुद्समान नेमला. तो राजाचा माणूस. 1809 च्या राज्यघटनेनं संसदेनं निवडायचा ओम्बुद्समान आणला आणि लोकांना राजाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध दाद मागायची जागा मिळाली. शब्द तोच राहिला, धनी बदलला. मला या शब्दाचं मोल वाटतं ते यासाठी.

'मान' म्हणजे इथं माणूस. स्वीडनमध्ये बायकांनी हे पद भूषवलं आहे, मुख्य ओम्बुद्समान म्हणूनही.

आपल्याकडं ऑम्बुड्समनला 'लोकपाल' हा शब्द कायदेपंडित खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी 1963 मध्ये दिला. बँकांसाठीची योजना रिझर्व्ह बँकेनं 1995 मध्ये आणली. तुमची काही तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर बँकिंग लोकपालाकडं, म्हणजे फलकावरच्या ऑम्बुड्समनकडं, जा. त्याला फी पडत नाही.