हिरवा पडदा नसताना नाचणाऱ्या माणसामागचं बॅकग्राउंड आपोआप काढता येतं का?

बहिणीच्या लावणीचा गॅदरिंगमधला तीन मिनिटांचा व्हिडिओ आहे, मोबाइलवर काढलेला. मागे बॅनर, स्पीकर आणि विंगेत उभी चार पोरं दिसतात. ते सगळं आपोआप उडवून मागे वाड्याचा चौक लावायचाय, तर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

काढता येतं. पण सॉफ्टवेअर नंतर बघू. मागचं सगळं खरंच काढायचंय, की ते नजरेत येऊ नये एवढंच हवंय, हे आधी ठरवा. दुसरं असेल तर काम एका संध्याकाळचं आहे. पहिलं असेल तर आठवडा धरा.

मी सांगलीत लग्नांचे आणि गॅदरिंगचे व्हिडिओ एडिट करतो, आणि या बाबतीत एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. एका संगीताच्या व्हिडिओत नवरीला हॉलमधून कापून चांदण्यांच्या आकाशात नाचवलं होतं. लॅपटॉपवर झकास दिसत होतं, मोबाइलवर तर फारच झकास. रिसेप्शनला तोच व्हिडिओ मोठ्या एलईडी भिंतीवर लागला आणि नवरीच्या खांद्यापासून कमरेपर्यंतची कड दूध उतू जाताना हलतं तशी हलताना सगळ्या मांडवाने पाहिली. शिवाय गजरा मधेच गायब व्हायचा आणि दोन फ्रेमनंतर परत यायचा. चूक माझीच होती, कारण मी एकदाही शंभर टक्के झूम करून पाहिलं नव्हतं.

असं का होतं? मशीनला माणूस ओळखायला शिकवलेलं असतं. चेहरा, धड, नऊवारीचा घोळ यात ते चुकत नाही. चुकतं ते कडेला, कारण तिथला पिक्सेल पूर्ण माणसाचाही नसतो आणि पूर्ण भिंतीचाही नसतो. साधा हिशोब करा: हात सेकंदाला २ मीटर वेगाने फिरला आणि शटर १/५० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात हात ४ सेंटिमीटर सरकतो. त्या पट्ट्यात हात आणि मागचा बॅनर एकमेकांत कालवलेले असतात. ‘हा पिक्सेल आत की बाहेर’ एवढंच ठरवणारा मास्क, म्हणजे कापायचा साचा, तिथे खोटा पडणारच. ‘हा चाळीस टक्के आत’ असं सांगणारा मास्क लागतो, आणि बटा, गजरा, झिरझिरीत ओढणी यांनाही तोच लागतो. त्यात प्रत्येक फ्रेमला मशीनचं मत केसभर बदलतं. ३० फ्रेमच्या हिशोबाने तुमच्या तीन मिनिटांत ५४०० फ्रेम आहेत. कड उकळल्यासारखी दिसते ती या दर फ्रेमला बदलणाऱ्या मतांमुळे.

म्हणून माझा सल्ला असा की मागचं काढू नका, अंधारात ढकला. मास्क करा, तो उलटा करा, बाहेरचा उजेड जवळजवळ काळ्यावर आणा, रंग थोडा उतरवा आणि कडेला भरपूर फेदर द्या, म्हणजे कड हळूहळू विरत जाऊ द्या. नाचणारीवर स्पॉटलाइट पडल्यासारखं दिसेल. यात मशीन कडेला चार पिक्सेल चुकलं तरी तिथे मागे तीच भिंत असते, जरा उजळ, इतकंच. कुणाला कळतसुद्धा नाही. वाड्याचा चौक लावलात तर तेच चार पिक्सेल बॅनरच्या लाल रंगाची किनार होऊन पदराभोवती फिरतील. आणि स्टेजच्या दिव्याखालचा चेहरा उन्हातल्या चौकात बसत नाही तो नाहीच. आजवर मला तरी कधी नीट बसवता आलेला नाही.

चौकाचा हट्टच असेल, तर निदान पायांना हात लावू नका. खरी स्टेजची फळी आणि तिच्यावरची सावली तशीच ठेवा, फक्त फळीच्या वरचं बदला. पाय कापले की सावली जाते आणि बाई जमिनीपासून बोटभर वर तरंगायला लागते. घुंगरांची कड कापत बसण्याची कटकटही वाचते. अर्थात कॅमेरा स्टँडवर स्थिर असेल तरच हे सोपं आहे. हातात धरून काढलं असेल तर मागचं चित्रही त्याच हेलकाव्याने हलवावं लागेल, म्हणजे ट्रॅकिंग आलं, फ्रेममागून फ्रेम हालचालीचा माग काढणं.

आता सॉफ्टवेअर. आफ्टर इफेक्ट्समध्ये माणूस कापून वेगळा करणारा रोटो ब्रश २०१० पासून आहे, पण तो खरा कामाचा झाला २०२० मध्ये, मशीन लर्निंगवाली दुसरी आवृत्ती आल्यावर. (‘रोटो’ हा शब्द त्याहून फार जुना. मॅक्स फ्लायशरने १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. विदूषकाच्या वेशात त्याचा भाऊ नाचायचा आणि हा त्याची एकेक फ्रेम गिरवायचा. नाचणाऱ्या माणसाचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.) दाविंची रिझॉल्व्हमध्ये त्याच कामासाठी मॅजिक मास्क आहे, पण तो पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत, फुकटच्या आवृत्तीत नाही. हे न बघता लोक डाउनलोड करतात आणि मग बटण शोधत बसतात. मॅक असेल तर फायनल कटमध्ये नोव्हेंबर २०२४ पासून मॅग्नेटिक मास्क आलाय. मोबाइल ॲपमधलं एका टॅपवालं कटआउट बोलणाऱ्या माणसाला ठीक, लावणीला नाही.

मी रिझॉल्व्ह वापरतो, कारण माझं रंगाचं काम तिथेच होतं. तुमच्याकडे आफ्टर इफेक्ट्स असेल तर त्यासाठी बदलू नका. पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे. पहिल्या फ्रेमपासून सुरू करायचं नाही. हात, पदर, पाय सगळे मोकळे दिसतात अशी फ्रेम शोधायची, तिथे माणसावरून ब्रशची रेघ मारायची आणि तिथून पुढे आणि मागे ट्रॅक करायचं. बिघडताना दिसलं की लगेच थांबायचं, आणि जिथे पहिल्यांदा बिघडलं त्याच फ्रेमवर दुरुस्ती करायची, कारण दुरुस्ती तिथून पुढे वाहत जाते. शेवटपर्यंत जाऊ देऊन मग दुरुस्त करायला बसलात तर सगळं दोनदा होतं. गिरकीच्या ठिकाणी क्लिप तोडून तो तुकडा वेगळा करा. विंगेतल्या पोरांभोवती हाताने एक ढोबळ मास्क काढून त्यांना आधीच बाहेर ठेवा, नाहीतर मशीन त्यांनाही माणूस समजतं. बिचाऱ्याचं चुकत नाही म्हणा. आफ्टर इफेक्ट्समध्ये केसांसाठी रिफाइन एज वेगळा आहे. तो फक्त केसांवर फिरवा, सगळ्या अंगावरून फिरवलात तर साडीला भोकं पडतात.

सुरुवात करण्याआधी एक काम. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आला असेल तर मूळ फाइल मागवा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दाबलेल्या व्हिडिओत कडेचा रंग आधीच चौकोनाचौकोनांत फुटलेला असतो, त्यातून कुठलंच मशीन गजरा शोधू शकत नाही. मोबाइलचा फ्रेम रेटही कमीजास्त होत असतो, तो हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एकसारखा करून घ्या, नाहीतर मास्क आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकतात.

पुढच्या वेळी नाच तुम्हीच काढणार असाल तर दिवा वाढवा आणि शटर १/१०० ठेवा. हात निम्मा कमी पुसट होतो, आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटही सहसा लुकलुकत नाही. बहिणीला मागच्या पडद्याहून वेगळ्या रंगाची साडी नेसायला सांगा, एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

कापलेली बाई दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची असेल तर प्रोरेस ४४४४ या फॉरमॅटमध्ये अल्फासकट, म्हणजे पारदर्शकतेच्या माहितीसकट काढा. नेहमीच्या एच.२६४ च्या एमपी४ मध्ये पारदर्शकता राहतच नाही. ‘सगळं नीट कापलं होतं, पण रेंडर केल्यावर मागे काळं आलं’ असा प्रश्न घेऊन तुम्ही परत इथे येण्याआधीच सांगून ठेवतो.