लेखीत पैकीच्या पैकी, तोंडीत गप्प

'मॅडम, चेडवाक लेखीत बरे मार्क पडतत, पण वर्गात तोंड उघडणा नाय. विषय बदलूया काय?' हा प्रश्न दर पावसाळ्यात माझ्याकडे येतोच. कधी विषय फ्रेंच असतो, कधी जर्मन. मालवणजवळच्या गावातून आलेल्या या बाबांचा विषय होता स्पॅनिश. मुलगी नववीत. तिला इथे सई म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

स्पॅनिशच्या तासाच्या दिवशी डबा तसाच परत यायचा. शिक्षक हजेरीच्या क्रमाने एकेकाला वाक्य म्हणायला लावत. सई पुढची मुलं मोजून आपल्या वाट्याला कुठलं वाक्य येणार ते काढायची आणि तेवढंच घोकत बसायची. मधल्या मुलांनी काय म्हटलं, पत्ता नाही. पाळी आली की उभी राहायची, शब्द फुटायचा नाही.

बाबांचं आणखी एक म्हणणं होतं. 'ती भाषा शिकान करूचा काय? आमच्या होमस्टेत येतत ते सगळे पुण्या-मुंबयचे.' शंका रास्त आहे, पण तो प्रश्न निराळा. उपयोगाचा हिशेब आणि भीती एकाच गाठोड्यात बांधून विषय सोडू नये, असं माझं मत.

1986 साली अमेरिकेत इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातली भीती मोजायला 33 विधानांची प्रश्नावली मांडली. ती तपासून पाहिली तीही टेक्सास विद्यापीठात स्पॅनिशचे पहिले धडे गिरवणाऱ्यांवरच. त्यातली काही विधानं मी सईला मराठीतून विचारली. तयारी नसताना बोलावं लागलं की घाबरायला होतं, याला तिने नुसती मान हलवली. मी बोलले की बाकीचे हसतील, यावर मात्र रडूच आलं. सहावीत ती गावातली शाळा सोडून तालुक्याच्या शाळेत आली. पहिल्याच आठवड्यात तोंडातून 'मला'ऐवजी मालवणी 'माका' निघालं आणि वर्ग हसला. तेव्हापासून ती प्रत्येक वाक्य आधी मनात तपासते, मगच बोलते. मराठीत ही तपासणी झटकन होते, म्हणून कुणाच्या लक्षात आली नाही. स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं; त्यातलं कुठलं वापरू, क्रियापदाचं रूप कुठलं, नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे ठरेपर्यंत पाळी निघून जाते. त्यात हुशार मुलांना वेगळाच जाच: डोक्यात नववीचे विचार आणि तोंडात 'माझं नाव अमुक, मी तमुक गावची'.

उच्चारात खरं तर ती वर्गाच्या पुढे होती. स्पॅनिशचे पाच स्वर, दाती त-द मराठी जिभेला जड जात नाहीत. हे तिला सांगून पाहिलं. फरक शून्य. कौतुकाने भीती जात नाही, पालकांनो.

सईला विचारूनच मी शिक्षकांशी बोलले. काही दिवस तिला विचारायचा प्रश्न आदल्या दिवशी सांगायचा असं ठरलं. शिवाय वाक्य मध्येच तोडून चूक दाखवायची नाही. ते पुरं झालं की शिक्षकांनी तेच बरोबर करून सहज म्हणायचं. सई आधी माझ्यासमोर बोलली, मग एका मैत्रिणीबरोबर, मग बाकावर बसल्या बसल्या. न सांगता आलेला प्रश्न सगळ्यात शेवटी. 'मास देस्पासिओ, पोर फावोर', म्हणजे जरा सावकाश, हे तिने पक्कं पाठ केलं; अडल्यावर म्हणायला हाताशी काहीतरी हवं. घरी सराव आजीपुढे. आजीला ओ की ठो कळत नाही, मधेच 'आता जेव गो' म्हणते, पण चुका काढत नाही. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

सहामाहीच्या तोंडीला 10 पैकी 6 मिळाले. बाबा लगेच गेलेले चार मोजायला लागले. आधीच्या चाचणीला ती जागची उठलीसुद्धा नव्हती.

तुमच्या मुलाची झोप उडाली असेल, तो शाळाच टाळत असेल किंवा इतर तासांनाही हेच होत असेल, तर विषय बदलून भागणार नाही, समुपदेशकाला भेटा. भीती ओसरल्यावरही भाषा रुचत नसेल, तर खुशाल बदला. सईचं अजून ठरलेलं नाही. शाळेने तिला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली आहे.