ब्राइट एंजलचं 'कन्फर्म' बुकिंग म्हणजे परमिट नव्हे

"एजंट म्हणाला, ब्राइट एंजल कन्फर्म आहे, परमिटचं टेन्शन घेऊ नका." तुमच्या पोस्टमधली ही ओळ वाचली आणि राहवलं नाही. मुलगा अमेरिकेत फिनिक्सला, तुम्ही दोघं एप्रिलमध्ये ग्रँड कॅन्यनच्या तळाशी दोन रात्री तंबूत राहणार, आणि सगळं पॅकेज नाशिकहून ठरवलेलं. अगदी आमचीच गोष्ट. सॅक कशी भरायची, बूट कुठले हे सांगत बसत नाही. साल्हेरवर मुक्काम केलेल्या माणसाला ते काय शिकवायचं.

आधी एजंटने दिलेला बुकिंगचा कागद काढा आणि नीट वाचा. ब्राइट एंजल नावाच्या तिथे दोन वेगळ्या जागा आहेत. ब्राइट एंजल लॉज वर, दरीच्या काठावर आहे. खाट, गरम पाणी, बाहेर गाड्यांची वर्दळ. ब्राइट एंजल कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू ठोकायची जागा, खाली कोलोरॅडो नदीपाशी. ब्राइट एंजल ट्रेलने जायचं तर साधारण 15 किलोमीटर चालायचं आणि 1,300 मीटरहून जास्त उतरायचं, तेव्हा तो येतो. कागदावर 'लॉज' किंवा 'रूम' असं कुठेही असेल तर तुमच्याकडे परमिट नाही, हॉटेलची खोली आहे. पार्कचं प्रवेश तिकीटही परमिट नव्हे. दिवसा उतरून त्याच दिवशी वर यायला परमिट लागत नाही, पण काठाखाली रात्र काढायची तर बॅककंट्री परमिट, म्हणजे रानात मुक्कामाचा परवाना, हवंच.

आम्हाला हे तिथल्या बॅककंट्री ऑफिसच्या काउंटरवर कळलं. आमच्या टूर ऑफिसला (नाव घेत नाही, नाशिकातलंच) 'खाली नदीजवळ, तंबूत' असं मेलवर स्पष्ट लिहून दिलं होतं. त्यांनी लॉजच्या दोन रात्री घेतल्या, प्रवेश शुल्काची पावती जोडली आणि वर आमच्याकडून 'परमिट चार्जेस' घेतले. रेंजरबाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे खिडकीबाहेरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. नाशिकला फोन लावला तर उत्तर काय, "सर, ब्राइट एंजलच आहे ना!" परत आल्यावर चकरा मारल्या, पैसे आजतागायत नाहीत. पैशांचं सोडा हो, मुलाने मुश्किलीने काढलेली रजा गेली त्याचं काय?

थोडं निभावलं ते वॉक-अप परमिटमुळे. ऐनवेळी येणाऱ्यांसाठी मुख्य वाटेवरच्या कॅम्पग्राउंडची मोजकी परमिटं साउथ रिमच्या, म्हणजे दक्षिण काठावरच्या, ऑफिसात मिळतात. स्वतः जाऊनच घ्यावी लागतात, तीही एक किंवा दोन रात्रींची, आणि उतरण्याच्या फार तर एक दिवस आधी. आम्हाला हवासुपाई गार्डन्सची एक रात्र मिळाली. ही जागा निम्म्या वाटेवर आहे, नदी तिच्या बरीच खाली. याच्या भरवशावर नाशिकहून निघू नका मात्र.

सरळ मार्ग म्हणजे रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर स्वतः अर्ज करणं. एप्रिलसाठी लॉटरीचे अर्ज नोव्हेंबरच्या उत्तरार्धात घेतात. लॉटरी लागली म्हणजे परमिट मिळालं असं नाही, फक्त इतरांच्या आधी बुकिंग करायची वेळ मिळते. त्या वेळेला बसून रात्रवार जागा निवडायच्या. ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, त्यामुळे नाशिक बारा महिने साडेबारा तास पुढे. तिथले सकाळचे 8 म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. परमिट ग्रुप लीडरच्या नावावर असतं आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून एजंटच्या नावावर घेऊच नका. माझं स्पष्ट मत, या कामाला एजंट लागतच नाही. विमानाचं तिकीट काढू दे त्याला हवं तर. (नियम आणि दर बदलत असतात. मी काही तिथला अधिकारी नाही, पार्कची साइट पाहूनच पैसे भरा.)

आणखी चार मंडळी जोडायचा विचार लिहिलाय, तर एका परमिटवर जास्तीत जास्त 11 जण, आणि 7 जणांपासून मोठा ग्रुप धरतात, त्यांच्या जागा फारच थोड्या. सहापर्यंतच राहा. आपल्यासारखी बस भरून माणसं तिथे चालत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडेही चालू नयेत. हरिहरच्या पायऱ्यांवर रविवारी काय होतं ते पाहिलंय ना?

नाशिकचं मे महिन्याचं ऊन सोसलंय म्हणून गाफील राहू नका. इथे आपण आधी चढतो आणि दमलो की उतरतो. तिथे उलटं, सगळा चढ शेवटच्या दिवशी, आणि तो बारीतून कळसूबाई चढण्यापेक्षा जास्त. साउथ कैबाब ट्रेलने उतरा, ब्राइट एंजल ट्रेलने चढा. कैबाबच्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही, सगळं वरून न्यायचं. दुसऱ्या वाटेवर नळ आहेत, पण ती पाइपलाइन 1960 च्या दशकातली, सारखी फुटते. म्हणून आदल्या दिवशी ऑफिसात पाण्याची स्थिती विचारा आणि फिल्टर जवळ ठेवाच. काठ कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच, सुमारे 2,100 मीटरवर. एप्रिलमध्ये तिथे रात्री गोठायला होतं आणि खाली घाम फुटतो, तेव्हा दोन्ही कपडे लागतील.

शेकोटी, चूल काही चालत नाही, पिठलं करायचं तर गॅसवर. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, फिनिक्सला घ्या. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत खारं खा, नाहीतर अंगातलं मीठ उतरून चक्कर येते. चिवडा त्यासाठी उत्तम. फक्त तो तंबूत ठेवू नका. तिथल्या खारुताई सॅक कुरतडतात आणि चावतातही. कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात, खाण्याचं सगळं त्यात टाकून झाकण पक्कं लावा.