लेबलवर ‘एक्सएल’, अंगावर घट्ट : सायकलच्या कपड्यांच्या मापांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरत आला की कोल्हापुरातून पन्हाळा, जोतिबा आणि गगनबावड्याच्या रस्त्यांवर सायकली पुन्हा दिसू लागतात आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांमध्ये गिअर आणि टायरपेक्षा कपड्यांच्या मापांविषयीच्या तक्रारी अधिक आहेत, म्हणून या अंकातील सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझी उंची ५ फूट ८ इंच, छाती ३८ इंच आणि कंबर ३४ इंच आहे. हिवाळ्यात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये, उतरण्याचा विचार आहे. दुकानात घालून पाहून घेतलेली एका कंपनीची ‘एम’ जर्सी मला नीट बसते. ऑनलाइन मागवलेली दुसऱ्या कंपनीची ‘एक्सएल’ काखेत रुतते, आणि तिसरी, इटालियन पद्धतीच्या कटिंगची ‘एल’ पाठीत बरोबर असूनही समोरून आखूड पडते. यातील माझी साइज कोणती? घट्ट झालेली जर्सी परत करायला गेलो, तर विक्रेता म्हणतो की तक्ता पाहून मागवायला हवी होती. – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : तिन्ही लेबले आपापल्या कंपनीपुरती बरोबर असण्याची शक्यता आहे, कारण ‘एम’ किंवा ‘एल’ म्हणजे इतके सेंटिमीटर असे सर्वांना बांधून ठेवणारे कोणतेही माप नाही. प्रत्येक कंपनी आपल्या डोळ्यांसमोर एक नमुना शरीर ठेवते, त्यावर मधली साइज बेतते आणि तिथून वर-खाली ठरावीक फरकाने बाकीच्या साइज काढते. छातीच्या बाबतीत हा फरक बहुधा ४ सेंटिमीटरच्या आसपास असतो. समजा, एका कंपनीचा ‘एम’ ९६ ते १०० सेंटिमीटर छातीसाठी आहे आणि दुसरीचा ८८ ते ९२ साठी. आपली छाती ३८ इंच म्हणजे साधारण ९६.५ सेंटिमीटर. पहिल्या कंपनीत आपण ‘एम’मध्ये बसता, दुसरीत ‘एक्सएल’च्या उंबरठ्यावर पोहोचता, आणि आपल्या शरीरात मात्र काहीच बदललेले नसते. पूर्व आशियातील ग्राहकांसाठी बेतलेले आणि स्वस्तात ऑनलाइन मिळणारे बरेच कपडे युरोपीय तक्त्यापेक्षा एक-दोन साइजने लहान निघतात. आपल्या काखेत रुतणारी ‘एक्सएल’ बहुधा त्या जातीची असावी.

आकड्यांनी हा घोळ मिटेल असे वाटत असेल, तर तेही खरे नाही. स्त्रियांच्या कपड्यांत जी साइज इटलीत ४२ म्हणून विकली जाते, ती फ्रान्समध्ये ३८ आणि जर्मनीत ३६ असते. पुरुषांच्या युरोपीय कोटाचा आकडा त्या मानाने सरळ आहे, कारण तो छातीच्या घेराच्या निम्मे सेंटिमीटर सांगतो; ५० नंबर म्हणजे १०० सेंटिमीटर छाती. शरीराचे प्रत्यक्ष माप सेंटिमीटरमध्ये लेबलवर छापावे, असे सांगणारे ईएन १३४०२ हे युरोपीय मानकही आहे, पण अक्षरांची सवय सुटलेली नाही. आपल्या देशात तर अनेक वर्षे इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरच काम चालले. भारतीय शरीरांचा स्वतंत्र तक्ता तयार करण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने ‘निफ्ट’ या फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटाच्या २५,००० हून अधिक व्यक्तींची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचे ठरले होते. तो तक्ता सायकलच्या कपड्यांपर्यंत झिरपेल तेव्हा झिरपेल. तोवर मापाची टेप आपल्याच घरात असलेली बरी.

टेप लावताना पहिली शंका आपण दिलेल्या ३४ इंच कंबरेचीच घ्यावी लागेल. हा आकडा बहुतेक पुरुष पँटच्या लेबलवरून सांगतात. पँट आपण बेंबीच्या बरीच खाली बांधतो, शिवाय गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून कित्येक कंपन्या ३६ इंचाच्या कंबरेला ३४ चे लेबल लावतात. जर्सीच्या तक्त्यातील कंबर मात्र सहसा बेंबीच्या आसपासची असते, आणि चाळिशीनंतर तिथला घेर लेबलपेक्षा दोन-तीन इंचांनी सहज अधिक भरतो. छाती मोजताना टेप काखेच्या लगेच खालून, पाठीवर खांद्याच्या फऱ्यांवरून आणि समोर छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून सरळ आडवी न्यावी, हात खाली सोडलेले असावेत आणि श्वास रोखू नये. नितंबांचा घेर सर्वांत रुंद जागी आणि मांडीचा घेर जांघेच्या किंचित खाली घ्यावा. हे आकडे सेंटिमीटरमध्येच लिहून ठेवावेत, कारण इंचांचे सेंटिमीटर करताना विक्रेते बिनदिक्कत पूर्णांक करून टाकतात.

त्यानंतर तक्त्याकडे वळावे आणि तो शरीराचा आहे की कपड्याचा, हे आधी पाहावे. निम्म्या तक्रारींचे मूळ इथे असते, असे माझे मत झाले आहे. शरीराच्या तक्त्यात ‘छाती ९६–१००’ असे लिहिलेले असेल, तर आपली ९६.५ ची छाती त्यात बसते. पण कपडा सपाट अंथरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत घेतलेले माप ४६ सेंटिमीटर असे दिलेले असेल, तर त्या जर्सीचा घेर ९२ च होतो. ते पाहून दचकायचे कारण नाही, कारण लायक्रा मिसळलेला सायकलचा कपडा शरीरापेक्षा लहानच शिवतात आणि तो ताणला जाऊन अंगाला बसतो. शर्टाला आपण छातीत चार बोटे सैल ठेवायला सांगतो, तो हिशेब इथे चालत नाही. विक्रेत्याने तक्ता कशाचा आहे हे सांगितले नसेल, तर मागवण्यापूर्वी विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ती जर्सी सोडून द्यावी.

समोरून आखूड पडणाऱ्या जर्सीबद्दल बोलायचे तर तिच्यात बहुधा दोष नाही. शर्यतीच्या कटिंगची जर्सी सायकलवर वाकलेल्या माणसासाठी कापलेली असते. तिची पाठ लांब, पुढची बाजू आखूड आणि बाह्या पुढच्या दिशेने वळलेल्या असतात. आरशासमोर ताठ उभे राहिलात की ती पोटावर चढते आणि खांद्यांत ओढते. हँडल धरल्यासारखे वाकलात की तीच जर्सी शांतपणे जागेवर बसते. घरी घालून पाहताना लेबल न काढता खुर्चीच्या कडेवर बसावे, कोपरे किंचित वाकवून हात टेबलावर टेकवावेत आणि मग पाहावे की पाठीची कड कंबरेखाली राहते का, पोटाशी कापडाची वळकटी होते का, बाहीच्या टोकाची पट्टी दंडात रुतते का. मागच्या खिशांत मोबाइल, पंप आणि दोन केळी घालून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. सैल जर्सीचे खिसे वजनाने नितंबांवर लोंबतात आणि पन्हाळ्याच्या उतारावर अख्खी जर्सी शिडासारखी फुगते. पोट थोडे सुटले असेल, तर शर्यतीच्या कटिंगमध्ये साइज वाढवत नेण्यापेक्षा त्याच कंपनीचे सैलसर कटिंग पाहावे. साइज वाढवली की पोट बसते, पण खांदे आणि बाह्या ओघळतात.

ब्रेव्हेचा विचार असल्यामुळे एक सल्ला आगाऊपणे देतो. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, आणि इतका वेळ खोगिरावर काढायचा असेल तर जर्सीआधी शॉर्ट्सच्या मापाकडे लक्ष द्यावे. जर्सी चुकली तर गैरसोय होते; शॉर्ट्स सैल निघाली तर आतील पॅड सरकतो, त्याला चुणी पडते आणि ती चुणी तासन्तास त्वचेवर घासत राहते. चामड्याची कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला चावली तरी पुढे पायात रुळते. लायक्राकडून ती अपेक्षा ठेवू नये. पहिल्या दिवशी जांघेत सैल असलेली शॉर्ट्स पुढे आणखी सैल होते. गरम पाणी, कपडे मऊ करणारे द्रावण आणि दुपारच्या उन्हातील वाळवण यांनी तिचा ताण लवकर मरतो, आणि मग माप बदलले असे वाटते.

परताव्याविषयी : २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा विक्रेत्याने दिलेल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. केवळ फिटिंग आवडले नाही, तर मात्र त्या विक्रेत्याचे स्वतःचे धोरण लागू होते. म्हणून आपली जर्सी सपाट अंथरून, टेप लावून फोटो काढा आणि विक्रीच्या पानावरील तक्त्याशी ताडून पाहा. फरक ठळक असेल, तर दोन्ही चित्रे जोडून लेखी तक्रार करा. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल या अक्षरांसोबत मेट्रिक मापही असावे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये म्हटले आहे. दुकानात खरेदी करताना लेबलवर ते शोधायला हरकत नाही.

प्रश्न : तरुणपणी तालमीत मेहनत केल्यामुळे माझ्या मांड्या भरदार आहेत. कंबरेनुसार घेतलेली शॉर्ट्स मांडीत रक्त अडवते आणि मांडीनुसार घेतलेली कंबरेवर राहत नाही. – एक वाचक, गंगावेस

उत्तर : बैठका मारून कमावलेली मांडी कोणत्याही युरोपीय तक्त्यात गृहीत धरलेली नसते, त्यामुळे आपली तक्रार समजण्यासारखी आहे. आपण कंबरेचे इलास्टिक असलेली शॉर्ट्स सोडून खांद्यावर पट्टे येणारी बिब शॉर्ट्स घ्यावी आणि साइज मांडी व नितंबांच्या मापाने ठरवावी. बिबला कंबरेवर पकड लागतच नाही, ती खांद्यांवर तोललेली असते, म्हणून कंबरेत थोडी ढिली असली तरी बिघडत नाही. उभे असताना पट्टे खांदे थोडे खाली ओढतात. वाकल्यावर ती ओढ गेली की लांबी बरोबर आहे असे समजावे. मांडीवरचे कापड ताणून त्वचा आरपार दिसू लागली, तर साइज लहान आहे. मांडीच्या टोकाला अरुंद सिलिकॉनची पट्टी असलेल्या शॉर्ट्सपेक्षा रुंद, सपाट कापडी पट्टीची शॉर्ट्स आपल्याला मानवेल, कारण तिचा दाब अधिक जागेवर विभागला जातो.

प्रश्न : आमच्या गटाने सर्वांसाठी एकाच छापाच्या जर्सी शिवून घेतल्या. स्त्रियांना पुरुषांच्याच ‘एस’ आणि ‘एक्सएस’ दिल्या गेल्या. खांद्यांत त्या ढगळ आहेत आणि नितंबांवर अडकतात. पुढच्या वेळी काय करावे? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पुरुषांची जर्सी लहान केली म्हणजे स्त्रियांची होते, हा समज अजून बऱ्याच छापणाऱ्यांच्या डोक्यातून गेलेला नाही. खांदे, छाती, कंबर आणि नितंब यांचे प्रमाणच वेगळे असते, त्यामुळे नमुना वेगळा कापावा लागतो. ऑर्डर देण्यापूर्वी गटप्रमुखांनी कारखान्याकडे स्त्रियांचे स्वतंत्र कटिंग आहे का हे विचारावे, आणि साइज सेट मागवून घ्यावा. साइज सेट म्हणजे प्रत्येक साइजची एक-एक कोरी जर्सी. ती रविवारी सकाळी राइड संपल्यावर प्रत्येकाने घालून, सायकलवर बसून पाहावी आणि यादीत नावापुढे तिथल्या तिथे साइज लिहावी. व्हॉट्सअॅप गटावर ‘तुमची साइज कळवा’ असा निरोप टाकला, की प्रत्येक जण आपल्या टी-शर्टची साइज कळवून मोकळा होतो, आणि मग जर्सींची अदलाबदल महिनाभर चालते. छपाई झालेली जर्सी कारखाना परत घेत नाही, ही बाब पैसे गोळा करतानाच सर्वांना सांगितलेली बरी.

प्रश्न : सैल झालेली जर्सी आणि शॉर्ट्स नेहमीच्या टेलरकडून आत घेऊन चालेल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : जर्सीच्या बाबतीत चालेल, मात्र टेलरकडे ओव्हरलॉकचे मशीन हवे. साध्या मशीनवरची सरळ टीप कापडाबरोबर ताणली जात नाही आणि पहिल्याच राइडला काखेत तुटते. कापण्याआधी त्याला नुसते टाके घालायला सांगून, वाकून पाहावे. बाजूची शिवण प्रत्येकी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त आत घेऊ नये, नाही तर मागचे खिसे कुशीकडे सरकतात आणि हात पोहोचत नाही. शॉर्ट्सला मात्र हात लावू देऊ नका. तिची जोडणी सपाट, फ्लॅटलॉक शिलाईची असते. आतल्या बाजूला नवी उंच शिवण आली, की जांघेत तीच सलते, आणि पॅड मध्यापासून थोडा जरी हलला तरी शॉर्ट्स वापरण्याजोगी राहत नाही. मित्रमंडळींत कोणाला बसत असेल तर देऊन टाकावी आणि आपल्या मापाची नवी घ्यावी.