वर्गणी भर, पण सभेलाही जा

सप्रेम आशीर्वाद.

युनियनचा फॉर्म भरू की नको, असं तू विचारलंस. भर.

काम चोख असेल तर युनियनची गरजच काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. चोख काम करणाऱ्याला बढती मिळते, पगारही वाढतो. पण जीव धोक्यात घालणाऱ्या कामाला नाही म्हणणं एकट्याला झेपत नाही. बांगलादेशातली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. आदल्याच दिवशी तिला पडलेले तडे लोकांनी पाहिले होते. त्या इमारतीतली बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र पगार कापण्याच्या धमक्या देऊन आत पाठवलं गेलं. ११०० हून अधिक माणसं गेली. भीती त्यांनाही वाटत होतीच, पण तिथल्या एकाही कारखान्यात युनियन नव्हती. सगळ्यांच्या वतीने ‘आज कुणी आत जाणार नाही’ असं ठणकावणार कोण? त्यानंतर जागतिक कामगार संघटनांनी मोठ्या ब्रँडांशी कायद्याने बंधनकारक करार केला, तेव्हा कुठे हजाराहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. पगारवाढीपेक्षाही युनियनचं हे काम मी मोठं मानतो.

आता दुसरी बाजू. तिची झळ तुझ्यासारख्या नव्या माणसालाच आधी लागते. युनियन बहुधा जुन्या, कायम झालेल्या सभासदांच्या हातात असते. मंदी आली आणि मालकाने खर्चकपात मागितली, की ज्यांना अजून मतच नाही त्यांच्या वाट्याचं कमी करणं सगळ्यांत सोपं जातं. अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियनने २००७ च्या करारांत हेच मान्य केलं. पुढे भरती होणाऱ्या कामगारांना जुन्यांच्या जवळपास निम्मा पगार. लाइन तीच, काम तेच. ज्यांचं नुकसान होणार होतं ते सह्या झाल्या तेव्हा कामावर लागलेलेही नव्हते! त्याच युनियनचे दोन माजी अध्यक्ष पुढे भ्रष्टाचारासाठी तुरुंगात गेले. तरी मला तो करारच जास्त लागतो. चोरी पकडता येते. असा करार मात्र रीतसर मतदानाने मंजूर होतो आणि वर्षानुवर्षं चालतो.

तो बदलला तोही सभासदांनीच. २०२१ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी अध्यक्ष थेट मतदानाने निवडायचा नियम केला. नवं नेतृत्व आलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांत एकाच वेळी संप झाला. सगळे कारखाने एकदम बंद न पाडता त्यांनी निवडक कारखाने थांबवले आणि दबाव टप्प्याटप्प्याने वाढवला. सुमारे सहा आठवड्यांत साडेचार वर्षांसाठी २५ टक्के वाढ पदरात पडली. कमाल वेतनाला पोचायला आठ वर्षं लागत, ती तीनवर आली. दुहेरी वेतनश्रेणीही बहुतांशी गेली, सोळा वर्षांनी.

म्हणून तुझ्या युनियनला पहिला प्रश्न हाच विचार: कंत्राटी कामगारांना सभासद होता येतं का? ‘त्यांचा मालक वेगळा आहे’ असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर गप्प बसू नकोस. १९७२ मध्ये इला भट्ट ‘सेवा’ची, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्या कष्टकरी बायकांच्या युनियनची, नोंदणी करायला गेल्या, तेव्हा या बायकांना मालकच नाही, मग लढणार कुणाशी, असा आक्षेप आला होता. कामगारांची एकजूट हेच युनियन असण्याचं पुरेसं कारण आहे, हे त्यांनी पटवून दिलं आणि नोंदणी मिळवली. आज ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना ‘तुम्ही कामगार नाही, भागीदार आहात’ असं ऐकवलं जातं. जुन्या युनियनांनी त्यांच्याकडे फार उशिरा पाहिलं, याचा मला राग आहे.

युनियन कामचुकारांना पाठीशी घालते, असंही तुला ऐकवतील. काही ठिकाणी ते खरंही आहे. चार्जशीट मिळालेल्या प्रत्येकाची चौकशी नीट व्हावी म्हणून प्रतिनिधीने त्याच्याबरोबर बसलंच पाहिजे, तो दोषी वाटला तरी. पण सहकारी बाईला त्रास देणारा माणूस ‘आपला मेंबर’ म्हणून तिचीच तक्रार दाबणं, ही वेगळी गोष्ट आहे. असं दिसलं तर त्या बाईच्या बाजूने उभं राहा, पदाधिकारी नाराज झाले तरी चालेल.

वर्गणीची पावती घे, वार्षिक हिशेब माग. संपाची भाषा सुरू झाली की दोन गोष्टी आधी विचार: मतदान गुप्त होणार का, आणि पगार थांबल्यावर घरं चालवायला निधी किती आहे. या प्रश्नांवर चिडणाऱ्या पुढाऱ्याच्या मागे संपात उतरताना दहादा विचार कर.

चालू कराराची प्रत मिळाली की मला पाठव. नव्या भरतीची आणि कंत्राटी कामाची कलमं आधी वाचू. सभेत काय विचारायचं ते त्यातूनच ठरेल.